केस गळताहेत की विरळ होताहेत, हे आधी ठरवू

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ३४. गेले चार महिने केस धुताना आणि विंचरताना मूठभर केस हातात येतात. तीन शाम्पू बदलून झाले. बायोटिनची, म्हणजे एका बी व्हिटॅमिनची, १० मिलिग्रॅमची गोळी दोन महिने रोज चालू आहे. गेल्या आठवड्यात केलेली थायरॉइडची तपासणी 'नॉर्मल' आली, हिमोग्लोबिन ११.६ आलं, म्हणजे तुमच्या शब्दांत 'जवळपास ठीक'. आईचा भांग पन्नाशीत रुंद झाला होता, त्यामुळे जीव धास्तावलाय. आणि शेवटी एका ओळीत विचारलंय: मला टक्कल पडणार का, आणि नेमकं कोणतं औषध लावू?

मधेच एक वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय. सात-आठ महिन्यांपूर्वी कडक डाएट सुरू केलं आणि तीन महिन्यांत १२ किलो वजन उतरवलं. वाचताना मी तिथेच थांबले.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं रोज डोकी बघते. तुमचं डोकं मात्र मी बघितलेलं नाही, आणि केसांच्या बाबतीत अर्धं निदान ऐकून होतं तर अर्धं बघूनच. तेव्हा 'हे औषध लावा' असं इथून सांगणं मला जमणार नाही. तुम्ही माझ्यासमोर बसला असतात तर मी काय विचारलं असतं, काय शोधलं असतं आणि कशाच्या आधारावर काय ठरवलं असतं, ते सांगते.

'केस गळतात' एवढीच तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांचे मी मनातल्या मनात तीन गट पाडते. काहींचे केस मुळापासून सुटून पडत असतात, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. काहींचे फारसे पडतही नाहीत, पण उगवणारा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड असतो. आणि काहींचे केस मधूनच तुटतात, मुळाला काही झालेलंच नसतं. गळणं, विरळ होणं आणि तुटणं. तिन्हींची कारणं निरनिराळी आणि उपायही निरनिराळे. तुटणाऱ्या केसांना लोहाच्या गोळ्या देऊन काही होत नाही आणि गळणाऱ्या केसांना महागडा मास्क लावून काही होत नाही. एकाच डोक्यावर यातल्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हा त्यातला त्रासदायक भाग. तुमच्या बाबतीत मला ती शंका आहेच.

यातला पहिला फरक तुम्ही घरीच करू शकता. उद्या विंचरल्यावर फणीतले दहा-बारा केस कागदावर सुटे करून ठेवा आणि दोन्ही टोकं उजेडात बघा. एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका ठिपका असेल तर तो केस मुळापासून सुटलाय. हा ठिपका बघून पुष्कळ जणी हादरतात, 'मूळच उपटून आलं, आता तिथे केस येणार नाही' म्हणतात. तसं नाही. तो नुसता विश्रांती संपलेल्या केसाचा बोथट शेवट आहे. केस तयार करणारी मुळी त्वचेत खालीच राहिलेली असते. ठिपका नसलेले, वेगवेगळ्या लांबीचे तुकडे जास्त असतील तर केस तुटताहेत. आणि ठिपका आहे, पण केस आखूड आणि रेशमाच्या धाग्यासारखा बारीक आहे, असे बरेच दिसले तर मी विरळ होण्याच्या दिशेने विचार करते. तुम्ही 'लांबच्या लांब केस येतात' असं लिहिलंय, म्हणून सध्या पहिला गट धरून पुढे जाते.

आता थोडं गणित. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केसाचं स्वतःचं घड्याळ चालतं: २ ते ६ वर्षं वाढायचं, मग दोन-तीन आठवडे आवरतं घ्यायचं, मग तीनेक महिने नुसतं बसून राहायचं आणि गळायचं. कोणत्याही दिवशी ढोबळमानाने १० टक्के केस बसलेले असतात, म्हणजे १० हजार. ते शंभरेक दिवसांत पडायचे म्हणजे दिवसाला १०० केस. '५० ते १०० केस पडणं नॉर्मल' हे जे सगळीकडे वाचायला मिळतं, त्यामागचा हिशोब एवढाच आहे. आता शरीराला एखादा जोराचा धक्का बसला आणि १० टक्क्यांऐवजी ३० टक्के केस एकदम बसले, तर दिवसाला ३०० पडणार. पण ते धक्क्याच्या दिवशी पडणार नाहीत. बसलेल्या केसाला पडायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून गळती सुरू होते तेव्हा मूळ घटना मागे पडलेली असते, कधी कधी पार विसरली गेलेली असते.

याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ मध्ये हे नाव रूढ केलं. मी मात्र पेशंटशी बोलताना नाव घेत नाही, कॅलेंडर पुढ्यात ओढते. गळती कधी सुरू झाली? तिथून तीन महिने मागे जाऊ. त्या सुमाराला काय झालं होतं? बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन, रक्तस्राव, घरातला मृत्यू, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, एखादं नवं औषध सुरू होणं, झपाट्याने उतरवलेलं वजन. 'काहीच झालं नव्हतं हो' असं ठासून सांगणाऱ्या एक बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या होत्या: 'तसं डेंगीने आठवडाभर ॲडमिट होते, पण तो तर कधीच बरा झाला.' बरा झाला हे खरंच. केसांना मात्र ती बातमी आत्ता पोचली होती.

तुमचं कॅलेंडर बघा. डाएट सात-आठ महिन्यांपूर्वी, गळती चार महिन्यांपूर्वी. मधलं अंतर तीन-चार महिन्यांचं. याहून नेमकं जुळणारं वेळापत्रक क्वचित मिळतं. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सगळ्यांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत, त्यांना ऊर्जा आणि प्रथिनं सतत लागतात. आणि केस ही चैनीची वस्तू आहे. हृदय, मेंदू, यकृत यांना चुकवता येत नाही. शरीराने खर्चाला कात्री लावली की पहिली ती केसांवर चालते.

इथे एक गोष्ट तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे. डाएट संपलंय की अजून चालू आहे? संपलं असेल आणि तुम्ही आता पोटभर जेवत असाल, तर गळती पुढच्या दोन-तीन महिन्यांत आपोआप उतरणीला लागायला हवी. कारण दूर झाल्यावर ही गळती साधारण सहा महिन्यांच्या आत थांबते. वजन परत वाढेल या धास्तीने अजूनही अर्धपोटीच असाल, तर मुळं रोज नव्याने विश्रांतीला जाताहेत आणि बाहेरून काहीही लावलं तरी फरक पडणार नाही. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला किमान ०.८ ग्रॅम हवीत. वजन उतरवत असताना मी १ ते १.२ ग्रॅम सांगते, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर. वजन कमी करू नका असं माझं म्हणणं नाही. महिन्याला चार किलो हा वेग केसांना झेपत नाही, एवढंच.

बाळंतपणानंतरची गळती हीसुद्धा याच जातीची. तुमचा तो प्रश्न नाही, पण वाचणाऱ्या कुणाचा तरी असेलच. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे केस पडायचे थांबलेले असतात, आणि प्रसूतीनंतर दोन ते चार महिन्यांनी थकबाकी एकदम वसूल होते. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर माझी स्वतःची वेणी बोटाएवढी उरली होती, आणि हे सगळं पाठ असूनही मी आरशासमोर रडले होते. बहुतेकींचे केस मूल वर्षाचं होईपर्यंत सावरतात. नाही सावरले तर लोह आणि थायरॉइड तपासायचं.

थायरॉइडवरून तुमच्या रिपोर्टांकडे वळते, कारण तिथे मला दोन ठिकाणी थांबायचंय.

बायोटिन दोन महिन्यांपासून चालू आहे आणि थायरॉइडची तपासणी गेल्या आठवड्यातली, म्हणजे गोळी चालू असतानाच रक्त दिलंत. कित्येक लॅबमधल्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते भरपूर असलं की यंत्र फसतं: टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) खोटा कमी दिसतो, टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खोटा जास्त. म्हणजे थायरॉइड मंदावून टीएसएच खरोखर वाढलेला असला, तरी कागदावर तो नॉर्मलच्या चौकटीत बसू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. हार्ट ॲटॅक ओळखायची ट्रोपोनिन तपासणीही याने चुकते, म्हणून हा विषय केसांपुरता नाही. तुमच्या लॅबची पद्धत कोणती यावर हे अवलंबून आहे, पण मी तो रिपोर्ट बाजूला ठेवला असता आणि आठवडाभर गोळी बंद ठेवून रक्त पुन्हा तपासायला सांगितलं असतं.

तसंही बायोटिनची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम आहे. तुम्ही तिच्या ३०० पटींहून जास्त घेताय. खरी कमतरता फार दुर्मीळ; ती नसताना वरून घातलेल्या बायोटिनने केस वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. 'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांबद्दल मी याहून जास्त सावध असते, कारण त्यांत कधी कधी व्हिटॅमिन ए आणि सेलेनियमही असतं आणि ही दोन्ही जास्त झाली की केस गळतात. डबा घेऊन या म्हणावं तर बायका कधी कधी तीन डबे आणतात, आणि तिन्हींत व्हिटॅमिन ए.

दुसरी गोष्ट हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची किमान मर्यादा १२ आहे. ११.६ म्हणजे सौम्य का होईना, ॲनिमिया. आणि हिमोग्लोबिन खाली यायच्या कितीतरी आधी शरीरातला लोहाचा साठा रिकामा झालेला असतो. तो साठा फेरिटिनवरून कळतो आणि तीच तपासणी तुमच्या यादीत नाही. फेरिटिन किती असावं यावर आम्हा डॉक्टरांत एकमत नाही, हे मोकळेपणाने सांगते. अनेक लॅब १० किंवा १५ च्या वर सगळं नॉर्मल छापतात. काही केसतज्ज्ञ ७० हवं म्हणतात. केस गळत असताना ते ४० च्या खाली असलं तर मी लोह सुरू करते. ताप किंवा शरीरात कुठे सूज असताना फेरिटिन फसवं वाढलेलं दिसतं, त्यामुळे आजारपणात ते तपासू नका.

लोहाची गोळी मी एक दिवसाआड देते. रोज घेतल्यापेक्षा प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं आणि पोटाच्या तक्रारीही कमी असतात. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून ती दोन तास लांब ठेवायची. साठा भरायला महिने लागतात, दोन आठवड्यांत फरक शोधू नका. तपासल्याशिवाय मात्र लोह घेऊ नका. साठलेलं जास्तीचं लोह शरीराला सहजासहजी बाहेर टाकता येत नाही. आणि लोह कमी का झालं याचंही उत्तर हवं. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय हे भरणं म्हणजे भोक पडलेली बादली भरणं.

बी-१२ आणि व्हिटॅमिन डी कमी निघालं तर भरून काढा, ते केसांपलीकडेही उपयोगाचं आहे. टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन वगैरे हार्मोन्स मी सरसकट करत नाही. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमं हटत नसतील, तर पीसीओएसच्या, म्हणजे बीजकोशांशी निगडित हार्मोनच्या बिघाडाच्या, दिशेने जरूर बघायचं. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून खर्च वाचवा.

आता आईचा भांग, तुमच्या प्रश्नातली खरी भीती.

केस विरळ होण्याचा जो अनुवंशिक प्रकार आहे, फीमेल पॅटर्न हेअर लॉस, त्यात मूठमूठ केस पडत नाहीत. मुळं हळूहळू लहान होत जातात आणि जाड केसाच्या जागी बारीक केस येतो. पुरुषांसारखं कपाळ मागे सरत नाही. पुढची रेषा शाबूत राहते आणि मधला भांग रुंदावत जातो. लुडविग या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९७७ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आजही आम्ही त्याच बोलीत बोलतो. तिसऱ्या पायरीपर्यंत, म्हणजे डोक्याचा माथा पूर्ण उघडा पडण्यापर्यंत, फार थोड्या स्त्रिया पोचतात. 'पुरुषी हार्मोन वाढलंय' असा शिक्का यावर सर्रास मारला जातो. प्रत्यक्षात या स्त्रियांपैकी बहुतेकींचे हार्मोन्स नॉर्मल असतात. ही देणगी आईकडून येऊ शकते तशी वडलांकडूनही, आणि आईला होतं म्हणून मुलीला होईलच असंही नाही.

मग ही दोन्ही एकत्र कशी येतात? समजा, तुमची मुळं गेली दोन-तीन वर्षं गुपचूप बारीक होत होती. दाट केसांत ते कळलं नाही. मग डाएटचा धक्का बसला, बरेच केस एकदम पडले आणि झाकलेलं उघडं पडलं. धक्क्याचे केस परत येतील, पण जे बारीक झालेत ते बारीकच येतील. 'गळती थांबली पण केस पूर्वीसारखे झाले नाहीत' म्हणणाऱ्या बायकांत ही गोष्ट मला पुष्कळदा सापडते.

ते ओळखायचं कसं? माझ्या टेबलावर मी आधी ५०-६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरून सावकाश टोकापर्यंत ओढते. पाच-सहाहून जास्त केस हातात आले, तर गळती जोरात आहे. (त्यासाठी येताना डोकं धुऊन येऊ नका. सगळ्या जणी नेमक्या धुऊन येतात!) मग डर्मोस्कोप भांगावर टेकवते. हे भिंग छोटंसंच असतं, पण खाली केस दोरखंडासारखे दिसतात. नुसती गळती असेल तर सगळे दोरखंड साधारण एका जाडीचे असतात आणि मधेमधे नव्या केसांची टोकदार शेंडी वर येताना दिसते. विरळ होत असतील तर जाड, मध्यम, सुतासारखा असे सगळे शेजारी-शेजारी. मी भांगावर बघते, मग डोक्याच्या मागच्या बाजूला बघते. मागे एकसारखे आणि भांगात लहानमोठे, की मला उत्तर मिळालं. याला पाच मिनिटं लागतात आणि ही पाच मिनिटं कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगून जातात. डोक्याला हात न लावता औषध लिहून देणाऱ्याकडून उठून या.

तोवर घरी एक करा. मधला भांग पाडा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, कोरड्या केसांचा वरून फोटो घ्या आणि महिन्यातून एकदाच तसाच पुन्हा घ्या. केस मोजणं आजपासून बंद. मोजणारी बाई कधी शांत झोपलेली मी पाहिली नाही, आणि आकड्यावरून निदान होतही नाही. चार दिवसांनी डोकं धुतलं की चार दिवसांचे सुटलेले केस एकदम जाळीत दिसतात. त्याला घाबरून धुणं लांबवलं की पुढच्या वेळी पुंजका आणखी मोठा. धुण्याने केस गळत नाहीत, सुटलेले बाहेर येतात एवढंच. हवं तेव्हा धुवा. कोंडा असेल तर केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावा. बाकी शाम्पू बदलून मुळांना काही कळत नाही. तेलाने केसाच्या दांड्याला वंगण मिळतं, तुटणं कमी होतं; गळती थांबत नाही. आवडत असेल तर लावा.

औषधाकडे येते. मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढावेत म्हणून टाळूला लावायचं औषध, त्याबद्दल तुम्ही नाव न घेता विचारलंय असं मी धरते. तुमच्या जागी मी ते आज सुरू करणार नाही. डर्मोस्कोपखाली केसांची जाडी एकसारखी निघाली तर त्याची गरजच नाही. पोट भरा, लोह भरा आणि थांबा. बारीक केस सापडले तर मात्र ते सुरू करायला मी मागेपुढे बघणार नाही, कारण उरलेली मुळं जपण्यात लवकर सुरुवात केलेली बरी. स्त्रियांसाठी त्याच्याइतका तपासलेला दुसरा लावायचा उपाय नाही.

पण चार गोष्टी ठाऊक असल्याशिवाय बाटली उघडू नका. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण बसलेले केस ढकलून नवे वर येत असतात. माझ्या निम्म्या पेशंट नेमक्या याच वेळी औषध सोडतात आणि 'त्या औषधाने माझे केस गेले' असं जगाला सांगतात. दुसरं, चार ते सहा महिन्यांच्या आत त्याचा न्याय करायचा नाही. तिसरं, अनुवंशिक विरळपणासाठी लावत असाल तर ते चालू ठेवायचं आहे. थांबवल्यावर काही महिन्यांत मिळवलेलं निघून जातं. चौथं, गरोदर असताना, त्या प्रयत्नात असताना किंवा बाळाला पाजत असताना ते नको. लावायचं ते त्वचेवर, केसांवर नाही, आणि झोपण्याआधी किमान दोन तास. ओलं असताना उशीला पुसलं जातं, तिथून गालाला, आणि मग गालावर लव वाढते. घरात मांजर असेल तर विशेष जपा. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, नुसतं तुमच्या उशीवर लोळून किंवा तुमचं डोकं चाटूनही त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

लावायचा कंटाळा येणाऱ्या काही जणींना मी हेच औषध अगदी कमी मात्रेत गोळीतून देते. ते मुळात रक्तदाबाचं औषध, त्यामुळे हृदयाचा इतिहास विचारूनच, आणि पायावर सूज येते का हे बघत. स्पायरोनोलॅक्टोन ही पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारी गोळीही काहींना चांगली लागू पडते. ती चालू असताना गर्भधारणा होता कामा नये. पीआरपीचे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचण्याचे, निकाल पेशंटगणिक इतके वेगळे येतात की मी ते पहिल्या फळीत कधीच ठेवत नाही. आणि गळती चालू असताना कुणी केसरोपण सुचवलं तर तिथून सरळ बाहेर पडा.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की त्यांत तीन महिने थांबायचं नसतं. नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला असेल तर ते ॲलोपेशिया एरिआटा असू शकतं, त्याचे उपचार पूर्ण वेगळे. टाळूची आग होते, दुखते, केसांभोवती लाली आणि खपल्या दिसतात, किंवा त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली आहेत, तर मुळाच्या जागी व्रण तयार होत असतो आणि एकदा व्रण झाला की तिथे केस परत येत नाही. रजोनिवृत्तीच्या आसपास कपाळाची रेषा मागे सरकत असेल आणि भुवयाही विरळ होत असतील, तर हा फ्रंटल फायब्रोझिंग ॲलोपेशिया नावाचा आजार असू शकतो. १९९४ मध्ये त्याचं पहिल्यांदा वर्णन झालं आणि अजूनही पुष्कळदा तो 'वयाने होतंय' म्हणून सोडून दिला जातो. घट्ट बांधलेल्या केसांमुळे कानशिलाजवळचे केस जात असतील तर आजच सैल बांधा, कारण ती ओढ वर्षानुवर्षं चालली की तिथली मुळंही कायमची जातात. गळतीबरोबर सांधे दुखणं, अंगावर पुरळ, खूप थकवा असेल तर आधी फिजिशियन.

तुमच्यासाठी क्रम असा: बायोटिन आज बंद. आठवड्याने टीएसएच पुन्हा, त्याच रक्तात फेरिटिन, बी-१२ आणि व्हिटॅमिन डी. जेवण पूर्ववत. भांगाचा फोटो. आणि महिन्याभरात, डर्मोस्कोप वापरणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाची एक भेट.

टक्कल पडेल का? निव्वळ गळतीने टक्कल पडत नाही. सहा महिन्यांपलीकडे चाललेली, वर्षानुवर्षं चढउतार होणारी गळतीही मी पाहते. त्या बायका दर वेळी प्लास्टिकच्या पिशवीत केस घेऊन येतात आणि दर वेळी त्यांच्या डोक्यावर भरपूर केस असतात. मागे विरळपणा दडलेला असला तरी तो वेळेवर सापडला तर थोपवता येतो. मात्र केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे आज गळती थांबली तरी पोनीटेल पूर्वीएवढी जाड व्हायला वर्ष-दीड वर्ष जाणार, आणि मधल्या काळात 'काहीच फरक नाही' असं तुम्हाला वाटत राहणार. त्या काळात कपाळाच्या वरच्या रेषेकडे बघा. दोन-तीन सेंटिमीटरचे, कुठल्याच क्लिपला न जुमानणारे, टोकदार केस उभे राहिलेले दिसले तर ते दाबून बसवू नका, तेच नवे आलेले आहेत. ते दिसताहेत का, फेरिटिन किती आलं आणि डाएट अजून चालू आहे का, एवढं कळवा. पुढचं त्यावर ठरवू.